सोसायटीत प्रशियाची निवडणूक कशी खेळायची

गणपतीत नववी-दहावीच्या पोरांसाठी काय ठेवायचं हा आमच्या कोथरूडच्या सोसायटीचा दरवर्षीचा प्रॉब्लेम, चित्रकला आणि फॅन्सी ड्रेसमध्ये त्यांना काडीचा रस नसतो, ती खाली पार्किंगमध्ये मोबाईल घेऊन बसतात. त्यांच्यासाठी हा खेळ. २४ जण लागतात, आईबाबा आजोबा मिसळले तर उत्तमच कारण मोठी माणसं जास्त भांडतात. हॉल, फळा, एक रजिस्टर आणि चिठ्ठ्या, बाकी काही नको.

आधी दोन मिनिटांत पार्श्वभूमी सांगून टाका. प्रशिया म्हणजे तेव्हाचं एक मोठं जर्मन राज्य. १८४८ ची क्रांती दाबल्यावर तिथला राजा फ्रेडरिक विल्यम चौथा याने मे १८४९ मध्ये कराप्रमाणे मतदारांचे तीन वर्ग पाडायची ही पद्धत आणली आणि ती थेट १९१८ पर्यंत टिकली. पुरुष, वय २४ पूर्ण, त्या ठिकाणी सहा महिने राहिलेला आणि गरिबांसाठीची मदत घेत नसलेला, असा कोणीही मतदार. म्हणजे मतदार यादी तशी भलीमोठी, त्या काळच्या इंग्लंडपेक्षा कितीतरी मोठी. पण खरी भानगड मताच्या वजनात. (मुलींना खऱ्या नियमाने बाहेर बसवू नका, अर्धा हॉल कंटाळतो, त्यांना पण पुरुष मतदाराची चिठ्ठी द्या आणि हे तोंडी सांगा.)

आता चिठ्ठ्या. प्रत्येकावर त्या माणसाचा धंदा आणि तो भरत असलेला कर. आकडे असे घ्या: ७०, ५०, मग ३०, २८, २४, २०, १८, मग नऊ जणांना ८ आणि आठ जणांना ६. बेरीज ३६०. सगळ्यांना कराच्या उतरत्या क्रमाने उभं करा आणि वरून बेरीज करत या, १२० झाले की रेघ मारा. पहिल्या दोघांतच १२० होतात, तो पहिला वर्ग. पुढच्या पाच जणांचे १२०, दुसरा वर्ग. उरलेले १७ जण मिळून १२०, तिसरा. प्रत्येक वर्ग दोन-दोन इलेक्टर म्हणजे मधले प्रतिनिधी निवडणार, आणि मग हे सहा इलेक्टर आमदार निवडणार. इलेक्टर आपल्याच वर्गातला हवा असं नाही, त्या वॉर्डातला कोणीही मतदार चालतो. इथे पोरं गप्प होतात कारण दोघांना जेवढं मिळालं तेवढंच सतरा जणांना हे डोळ्यासमोर उभं असतं. आणि आपला नमुना तसा सौम्यच आहे हं, १८४९ मध्ये प्रत्यक्षात पहिल्या वर्गात ४.७ टक्के मतदार होते, दुसऱ्यात १२.६ आणि तिसऱ्यात ८२.७.

पण माझ्या मते हे गणित म्हणजे खेळाचा सोपा भाग, खरी मजा मतदान उघड असण्यात आहे. टेबलामागे एक अध्यक्ष आणि एक रजिस्टर लिहिणारा बसवा. तिसऱ्या वर्गापासून सुरुवात करायची, एकेकाचं नाव पुकारायचं, त्याने पुढे येऊन आपल्याला कोण इलेक्टर हवाय ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं आणि ते रजिस्टरमध्ये उतरवलं जाणार. आता मेख: तिसऱ्या वर्गातल्या सात-आठ चिठ्ठ्यांच्या मागे आधीच लिहून ठेवा, "तू ७० वाल्याच्या शेतावर कामाला आहेस", "तुझं घर ५० वाल्याच्या मालकीचं". आणि त्या ७० वाल्यालाच अध्यक्ष करा. पूर्वेकडच्या खेड्यांत बऱ्याचदा जमीनदार नाहीतर त्याचाच माणूस असा समोर बसलेला असायचा. एरवी बडबड करणारी पोरंसुद्धा नाव घेताना आधी टेबलाकडे बघतात. काहीजण म्हणतात मी नाहीच देत मत, चालेल, जबरदस्ती करू नका, तिसऱ्या वर्गातले बरेच लोक तेव्हा फिरकायचेच नाहीत.

उमेदवार दोनच ठेवा, एक राजाच्या बाजूचा जमीनदार आणि एक उदारमतवादी वकील. इलेक्टरांचं मतदानही उघडच. ३-३ झालं तर परत मतदान, तरी अडलं तर चिठ्ठी टाका. आणि पैसेवाले म्हणजे राजाच्याच बाजूचे असं पोरांनी आधीच गृहीत धरलेलं असतं, तेव्हा त्यांना १८६१ चं सांगा, डिसेंबरच्या निवडणुकीत याच पद्धतीतून उदारमतवाद्यांची प्रोग्रेस पार्टी सगळ्यात मोठा गट झाली कारण कारखानदार, व्यापारी, वकील बऱ्यापैकी उदारमतवादी होते. लष्कराच्या खर्चावरून राजा आणि सभागृह यांची जुंपली आणि त्यातूनच सप्टेंबर १८६२ मध्ये बिस्मार्क प्रशियाचा पंतप्रधान झाला. गंमत म्हणजे या निवडणूक कायद्याला पुढे त्यानेच भर सभागृहात शिव्या घातल्या.

वेळ उरला तर हे करून बघा: चिठ्ठ्या गोळा करून वॉर्ड बदला. १८९१ नंतर वर्ग पाडायचे ते प्रत्येक छोट्या वॉर्डापुरते, त्यामुळे गरीब वस्तीतला दुकानदार पहिल्या वर्गात आणि श्रीमंत गल्लीतला मोठा अधिकारी तिसऱ्यात असं व्हायचं. १९०३ ला खुद्द जर्मनीचा चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, ब्यूलो तिसऱ्या वर्गात होता. म्हणजे तोच माणूस प्रभात रोडला राहिला तर तिसरा आणि जनता वसाहतीत राहिला तर पहिला, हे पुण्याच्या पोरांना लगेच कळतं.

शेवटचा राउंड सोडू नका. १८७१ नंतर याच प्रशियन माणसाला राइशस्टागसाठी, म्हणजे सगळ्या जर्मनीच्या संसदेसाठी, मात्र सरळ एक मत होतं, गुप्त, वय २५ पूर्ण, कर कितीही असो. म्हणून तेच २४ जण, एक डबा, एक माणूस एक मत. फक्त मतपत्रिका सरकारने नाही, पक्षांनी छापायच्या, तेव्हा एका उमेदवाराची पांढऱ्या जाड कागदावर आणि दुसऱ्याची पिवळट पातळ कागदावर काढा, घडी घालून अध्यक्षाच्याच हातात द्यायची. पाकीट आणि आडोसा १९०३ मध्ये आला, त्याआधीच्या गुप्त मतदानात घडी बघून कोणाचं मत कुठे गेलं याचा अंदाज बांधता यायचा, आणि तुमचा ७० वाला तो बरोबर बांधतो.