टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलताय? या चुका टाळा

सिग्नलला गाडी थांबली की बोनेटमधून जळकट ऑइलचा वास येतो, कधी हलका धूर पण दिसतो, जुन्या गाडीत हे झालं की आधी टॅपेट कव्हरच (इंजिनच्या वरचं झाकण) बघा, तिथून झिरपलेलं ऑइल खाली गरम एक्झॉस्टवर पडून जळत असतं. या झाकणाखालचं रबराचं पॅकिंग वर्षानुवर्षं तापून कडक होतं, आणि आपल्या नागपूरचा मे महिना तर माहितीच आहे.

पण लगेच पाने काढू नका. ऑइल वरून खाली ओघळतं, हवेने मागे पण जातं, म्हणून खाली ओलं दिसलं की लोक चेंबरचं (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याचं) पॅकिंग बदलून मोकळे होतात अन् लीक तसाच राहतो. आमच्या 2004 च्या गाडीत हेच झालं, पैसे गेले ते गेलेच. आधी इंजिन पुसून कोरडं करा, संशय असेल तिथे थोडी टाल्कम पावडर मारा, गाडी थोडी चालवून आणा आणि टॉर्च लावून बघा, पावडर सगळ्यात वर जिथे ओली झाली लीक तिथूनच सुरू होतो.

गरम इंजिन खोलू नका, सकाळी सहालाच बसा. कव्हर निघालं की जुनं पॅकिंग कडक प्लास्टिकसारखं तुकडे तुकडे होऊन निघतं, हे तुकडे हेडमध्ये (कव्हरखालच्या इंजिनच्या वरच्या भागात) पडू देऊ नका, उघड्या भागावर स्वच्छ कापड टाका. स्क्रूड्रायव्हरने खरवडणं तर अजिबात नको, ॲल्युमिनियमवर एक बारीक चरा पडला तरी नवीन पॅकिंग तिथूनच ऑइल सोडतं. मी जुनं एटीएम कार्ड वापरतो, वेळ लागतो पण चरा पडत नाही. शेवटी दोन्ही बाजू पुसून बोट फिरवून बघा, चिकट लागलं तर परत पुसा.

सिलिकॉन (लीक बंद करायची पेस्ट) सगळीकडे थापायची सवय पण वाईट. जास्तीचं आत दाबलं जातं, सुटून ऑइलमध्ये पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतं. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या कोपऱ्यांवर थेंबभर लावा, बस.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक, बोल्ट ताकदीने आवळणं. लीक थांबावा म्हणून मी लांब पाना लावून करकचून आवळलं होतं, पॅकिंग बाहेर फुगलं आणि एका बोल्टचे आटे गेले, मग आटे पाडून घ्यायचा खर्च वेगळाच. हे बोल्ट बहुतेक 6 मिमीचे असतात भाऊ, सगळे आधी हाताने बसवा, मग मधून बाहेर थोडं थोडं करत छोट्या पान्याने आवळा. टॉर्क (आवळायचा जोर) गाडीप्रमाणे बदलतो पण साधारण 10 न्यूटन मीटर किंवा त्याहून कमीच असतो. बोल्टखालचे रबरी वॉशर पण नवीनच टाका.

एवढं करूनही महिन्याभरात लीक आला तर ब्रीदर पाइप आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा, इंजिनच्या आत साठलेला गॅस यांच्यातूनच बाहेर निघतो. यातलं काही चोक असलं की आतलं प्रेशर नवीन पॅकिंगमधूनही ऑइल बाहेर ढकलतं.