नाकाने ओळखायचे ते आणि पडद्यावर वाचायचे ते : जळगावच्या पाइप कारखान्यातील अनुभव

मी मूळचा अमळनेर तालुक्यातला. २०११ साली आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड पूर्ण करून जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका पीव्हीसी पाइप कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू झालो आणि आजही मेंटेनन्सच्याच कामात आहे. तेव्हा मी पान्हे उचलून देत असे. आता नव्याने आलेल्या मुलांना पॅनेल उघडून दाखवतो. ही मुले पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न विचारतात : "दादा, सगळे ऑटोमॅटिक होणार म्हणतात, मग आपल्याला काम राहील का?" त्या प्रश्नामागे घरची दोन-चार एकर कोरडवाहू शेती असते आणि आईवडिलांनी दोन वर्षे पोटाला चिमटा काढून केलेला खर्च असतो, म्हणून त्याचे उत्तर घाईने देऊ नये असे मला वाटते.

खान्देशाला कारखाना नवा नाही. आमच्या अमळनेरातच १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना काढणारी कंपनी स्थापन झाली आणि तीच पुढे विप्रो झाली. जळगाव आज पाइप, ठिबकच्या नळ्या, प्लास्टिकच्या चटया आणि डाळ मिल यांसाठी ओळखले जाते. यंत्रे आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बदलले आहे ते यंत्राशी माणसाचे नाते.

मी लागलो तेव्हा एका लाइनवर चार माणसे असत. राळ म्हणजे पीव्हीसीची पावडर, कॅल्शियम कार्बोनेट आणि स्टॅबिलायझर वजन करून मिक्सरमध्ये टाकायचे, तो माल एक्स्ट्रूडरच्या हॉपरमध्ये जायचा, बॅरलमधले दोन स्क्रू तो वितळवत पुढे ढकलायचे, डायमधून गरम नळी बाहेर पडायची, व्हॅक्यूमच्या टाकीत ती थंड होऊन मापात बसायची आणि पुढे कटर तिचे तुकडे करायचा. ही सारी प्रक्रिया आजही तशीच आहे. मात्र तेव्हा बॅरलच्या प्रत्येक झोनच्या म्हणजे तापवायच्या भागाच्या तापमानाचा वेगळा डबा होता, वेग गोल बटणाने वाढवला जाई आणि दर तासाला पाइपचा तुकडा काट्यावर ठेवून वजन वहीत लिहिले जाई. आता हे सारे एका टच स्क्रीनवर आले आहे, वजनावर माल सोडणारा डोसर आपोआप प्रमाण राखतो आणि दोन लाइन मिळून तीन माणसे सांभाळतात. माणसे कमी झाली हे मी मुलांपासून लपवत नाही. जी गेली ती उचलठेव करणारी आणि वजन लिहिणारी कामे होती; यंत्र काय सांगते आहे आणि ते खरे आहे का, हे तपासणाऱ्याचे काम मात्र वाढले आहे.

हे मला एका रात्रपाळीने शिकवले. नवा स्क्रीन बसून काही महिने झाले होते आणि आम्ही तरुण मंडळी त्यावर डोळे लावून बसत होतो. बॅरलचा तिसरा झोन १७५ अंशांवर ठेवला होता आणि पडद्यावरही १७५ च दिसत होते. पारोळ्याकडचे एक ज्येष्ठ ऑपरेटर, ज्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, लांबूनच चालत आले आणि म्हणाले, "माल जळी राहिना," म्हणजे आमच्या अहिराणीत माल जळतो आहे. त्यांना वास आला होता. पीव्हीसी जास्त तापले की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि त्याचा तिखट, घशात बसणारा वास एकदा घेतला की विसरत नाही. पाच-सात मिनिटांतच पाइपवर तपकिरी रेघा उमटू लागल्या. लाइन थांबवून पाहिले तेव्हा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, आपल्या खाचेतून थोडे बाहेर सरकलेले आढळले. त्याला बॅरलची खरी उष्णता लागत नव्हती, त्यामुळे कंट्रोलर हीटरला सतत वीज देत राहिला आणि सरकलेल्या थर्मोकपलपाशी १७५ भरेपर्यंत आतला माल त्याच्या कितीतरी वर गेला होता.

स्क्रीन त्या रात्री खोटे बोलला नव्हता. त्याच पानावर, तापमानाच्या शेजारी, हीटरला किती टक्के वीज जात आहे तो आकडा होता आणि तो बराच वेळ शंभराच्या आसपास राहिला होता. लाइन स्थिर चालू असताना एकाच झोनचा हीटर सारखा पूर्ण ताकदीने का चालतो, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. डाय उघडून जळका माल खरवडता खरवडता आप्पा मला एवढेच म्हणाले, "मशीन काय सांगस ते आयक." तेव्हापासून मी नवीन मुलाला स्क्रीनसमोर उभे करण्याआधी पंधरा दिवस केवळ प्रक्रिया दाखवतो : चांगल्या मालाचा रंग कसा असतो, गिअरबॉक्सचा नेहमीचा आवाज कोणता आणि वीज गेल्यावर बॅरलमध्ये अडकलेला माल जळण्याआधी बाहेर काढण्यासाठी किती घाई करावी लागते.

दुसरा अनुभव याच्या उलट आहे. एका उन्हाळ्यात मुख्य मोटरचा ड्राइव्ह, म्हणजे तिचा वेग सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान रोज बंद पडू लागला. मे महिन्यातली ही अडचण आमच्याकडे फार महाग पडते, कारण मान्सूनपूर्व कापसासाठी आणि केळीसाठी पाइप व ठिबकची मागणी तेव्हाच टिपेला असते. वीजपुरवठाच खराब आहे असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. मी ड्राइव्हमधली अलार्मची जुनी यादी उघडली आणि बारा दिवस प्रत्येक बंदची वेळ, अलार्मचा क्रमांक व पॅनेलच्या आतले तापमान वहीत मांडत गेलो. व्होल्टेज कमी झाल्याचा अलार्म दोनदाच आला होता. बाकी सगळे अलार्म ड्राइव्ह तापल्याचे होते. बहुतेक ड्राइव्ह सभोवतालच्या ४० अंशांपर्यंतच पूर्ण भार उचलतात आणि त्यापुढे त्यांची क्षमता कमी धरावी लागते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४५ पर्यंत जातो, मग बंद पॅनेलच्या आत काय होत असेल? त्यात हवा घेणारी जाळी राळेच्या पावडरीने गच्च भरलेली होती. जाळीची साफसफाई रोजच्या यादीत आली, पॅनेलला छोटा एसी बसला आणि दुपारचे बंद पडणे थांबले. इथे आप्पांच्या नाकाचा उपयोग नव्हता. इथे नोंद लागत होती. मला बढती मिळाली ती त्या बारा दिवसांच्या वहीमुळे, असे माझ्या वरिष्ठांनी मला नंतर सांगितले.

नव्याने येणाऱ्याने काय शिकावे, असे कोणी विचारले तर मी रोबोटपासून सुरुवात करत नाही. सेन्सरपासून पीएलसीपर्यंत, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकापर्यंत, येणारा साधा सिग्नल आधी समजून घ्यावा. तो बहुधा ४ ते २० मिलिॲम्पिअरचा असतो, आणि तो शून्यापासून का सुरू होत नाही हे ज्याला कळले त्याला अर्धे इन्स्ट्रुमेंटेशन कळले : सर्वांत कमी मापालाही ४ मिलिॲम्पिअर वाहतात, म्हणून शून्य दिसले की माप शून्य नसून वायर तुटली आहे हे लगेच समजते. पीटी-१०० या तापमानाच्या सेन्सरचा रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो आणि १०० अंशांना सुमारे १३८.५ ओहम, मल्टिमीटर हातात असेल तर स्क्रीन खरे सांगतो का हे याच ज्ञानाने तपासता येते. पीएलसीची लॅडर भाषा जुन्या रिले सर्किटच्या आकृतीवरूनच आली आहे, त्यामुळे आयटीआयच्या मुलाने तिला घाबरण्याचे कारण नाही. अलार्म आणि मॅन्युअल इंग्रजीत असतात, ही अडचण खरी आहे. मी स्वतः खिशात वही ठेवून दिसेल तो शब्द मराठी अर्थासह लिहीत असे आणि वर्षभरात नेहमीचे शब्द सरावाचे झाले.

पडद्यावर आता ओईई नावाचा, लाइनची एकूण कार्यक्षमता सांगणारा, एक आकडाही झळकतो आणि पाळी बदलताना साहेब त्यावरच बोलतात. हिशेब साधा आहे. ४८० मिनिटांच्या पाळीत ६० मिनिटे लाइन बंद राहिली तर उपलब्धता ८७.५ टक्के, वेग ठरलेल्याच्या ९० टक्के आणि चांगला माल ९६ टक्के असेल, तर तिघांचा गुणाकार ७५.६ टक्के येतो. तिन्ही आकडे वेगवेगळे बरे दिसत असताना एकत्र किती घसरतात, हे मुलांना फळ्यावर करून दाखवावे लागते. मात्र हा आकडा वाढवण्यासाठी कटरच्या गार्डचा लिमिट स्विच, म्हणजे झाकण उघडताच कटर थांबवणारा स्विच, बांधून ठेवण्याची सवय मी काही ठिकाणी पाहिली आहे. ते कोणीही सांगितले तरी करू नये. पॅनेलवर किंवा कटरवर हात घालण्याआधी मेन स्विचला स्वतःचे कुलूप लावावे आणि चावी स्वतःच्याच खिशात ठेवावी.

आता नोकरीच्या कागदांविषयी, कारण कामाच्या पद्धतीत सर्वांत मोठा बदल तिथेच झाला आहे आणि मुले तिकडे सर्वांत कमी लक्ष देतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. त्यात वेतन नव्हे, विद्यावेतन मिळते. परंतु करार शासनाच्या पोर्टलवर नोंदलेला असला तरच पुढे राष्ट्रीय प्रमाणपत्राचा मार्ग खुला होतो. नोंद न करता "ट्रेनी" म्हणून वर्षभर राबवून घेतलेल्या मुलाच्या हातात शेवटी काहीच राहत नाही, आणि असे घडताना मी पाहिले आहे. त्यापुढे कायम नोकरी क्वचितच मिळते. ठेकेदाराकडून किंवा ठरावीक मुदतीच्या करारावर घेतले जाते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या असून त्यांत प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे आणि मुदतीच्या करारावरील कामगाराला एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. ठेकेदाराकडे लागलात तर भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक पहिल्याच महिन्यात मागून घ्यावा आणि पैसे खरोखर जमा होतात का हे मोबाइलवर स्वतः पाहावे. ठेकेदार बदलला तरी यूएएन तोच चालतो. दुसरा काढू देऊ नये.

जे उन्हाळ्याच्या तोंडावर, मार्च-एप्रिलमध्ये रुजू होतील त्यांना शक्य असल्यास पहिला महिना रात्रपाळी मागून घ्यावी असे मी सुचवेन. रात्री गर्दी कमी असते, जुन्या ऑपरेटरांना बोलायला सवड असते आणि स्क्रीनवरची पाने एकेक करून उघडून हा आकडा कुठून येतो, असे विचारता येते.