गावाकडच्या रस्त्यांसाठी गाडी लीजवर घेताना

खराब रस्त्यासाठी गाडी म्हटलं की आधी फोर व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाची ताकद) आणि मोठाली चाकं डोळ्यांसमोर येतात. लीजवर, म्हणजे ठराविक काळासाठी भाड्याने गाडी घेताना, या दोन्हींमुळे महिन्याचं भाडं वाढतं. रोजच्या ग्रामीण रस्त्यावर पहिल्याचा उपयोग थोडा आणि दुसऱ्याचा चक्क तोटा. ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर), टायर आणि करारातली कलमं या क्रमाने बघत गेलं तर निवड सोपी होते. स्वतःच्या गाडीवर ओरखडा उमटला तर दुर्लक्ष करता येतं. लीजच्या गाडीचा ओरखडा मात्र परत देताना मोजला जातो, हे सुरुवातीपासून डोक्यात असू द्या.

आधी रस्ता मोजा

नेहमीच्या वाटेवरची सगळ्यात वाईट जागा शोधा. बहुतेक वेळा ती म्हणजे ट्रॅक्टरने पाडलेल्या दोन चाकोऱ्या आणि मधला उंचवटा. त्या उंचवट्यावर सरळ काठी आडवी धरा आणि काठीपासून चाकोरीच्या तळापर्यंतचं अंतर टेपने मोजा. समजा ते १२० मिलिमीटर भरलं. माणसं आणि सामान भरल्यावर गाडी साधारण ३० ते ४० मिलिमीटर खाली बसते, आणि खड्ड्यात आदळताना सस्पेन्शन आणखी दबतं, त्यासाठी ४० धरा. बेरीज २०० झाली, म्हणजे रिकाम्या गाडीचा क्लिअरन्स किमान तेवढा हवा. तेच अंतर ९० भरलं तर १७० ची साधी हॅचबॅकही पुरते. माहितीपत्रकातला आकडा रिकाम्या गाडीचा की भरलेल्या, हे विचारून घ्या. दोन कंपन्यांचे आकडे एकाच पद्धतीने मोजलेले असतील असं धरून चालू नका.

ओढ्यात उतरताना किंवा रस्त्यावरून शेतात वळताना मात्र पोटाआधी नाक टेकतं. पुढच्या चाकाच्या पुढे बंपर किती बाहेर आलाय ते बघा. बंपरखालची प्लॅस्टिकची पट्टी सगळ्यात आधी निघते. लांब व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेल्या, गाडीचं पोट टोकदार उंचवट्यावर अडकतं, मग क्लिअरन्स चांगला असला तरी.

रिम लहान, टायर उंच

हा मुद्दा आम्ही सगळ्यात वर ठेवतो. २१५/६० आर १६ (२१५ मिलिमीटर रुंदी, १६ इंची रिम) या टायरची बाजूची भिंत २१५ च्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर उंच असते. २१५/४५ आर १८ मध्ये ती जेमतेम ९७ उरते. खड्ड्याच्या धारेवर आदळल्यावर ही भिंत दबून धक्का पचवते. ती कमी उंच असली की रिम आणि खड्डा यांच्यात सापडून आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. अलॉयची रिम वाकली तर तो खर्च वेगळा. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत प्रश्न पडला तर डोळे झाकून लहान रिमची घ्या. तो आकार जवळच्या टायरवाल्याकडे मिळतो का, तेही विचारा.

स्टेपनी आहे का ते डिकीचा तळ उचलून स्वतः बघा. बऱ्याच नव्या गाड्यांत तिच्या जागी पंक्चरचं द्रव आणि छोटा पंप असतो. टायर रस्त्याला टेकतो तिथलं बारीक भोक त्याने बुजतं, पण दगडाने बाजू चिरली तर काही उपयोग नाही. अंधारात, मोबाइलला रेंज नसलेल्या ठिकाणी हा फरक फार मोठा असतो. अरुंद तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यावर सहसा ताशी ८० किलोमीटरचीच मर्यादा असते.

फोर व्हील ड्राइव्ह चिखलात किंवा ओल्या चढावर गाडी हलवायला मदत करतं. थांबवायला नाही, ब्रेकची पकड टायरवरच ठरते. शिवाय अशा गाड्यांत चारही टायर जवळपास सारखे झिजलेले असावे लागतात, नाहीतर ट्रान्समिशनवर (चाकांना ताकद पोचवणाऱ्या यंत्रणेवर) ताण येतो, त्यामुळे एक टायर फुटला की कधी कधी चार बदलावे लागतात. वाटेत रोजचा निसरडा चढ असेल तर जरूर घ्या. नसेल तर तो पैसा चांगल्या टायरांवर घाला.

इंधन

रोज चार-पाच किलोमीटरच धावणार असाल तर डिझेल टाळा. त्याच्या धुराड्यातला काजळी पकडणारा फिल्टर स्वच्छ व्हायला इंजिन गरम राहून सलग वीसेक मिनिटं चालावं लागतं. तसं झालं नाही तर तो तुंबतो. लांब पल्ल्याला डिझेल उत्तमच. इलेक्ट्रिक गाडी कमी वेगात छान खेचते, पण बॅटरी पोटाखाली असते. तिला दगड लागू नये म्हणून मजबूत पत्रा आहे का, आणि तिथलं नुकसान विम्यात बसतं का, हे लेखी घ्या. एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते त्या जाहीर आकड्यातून (रेंजमधून) एक तृतीयांश वजा करून जाणं-येणं बसतं का ते बघा.

करार

किलोमीटरची मर्यादा अंदाजाने घालू नका. रोज ७० किलोमीटर, आठवड्याचे ५ दिवस, वर्षाचे ४८ आठवडे: १६,८०० झाले. सुट्टीच्या दिवसांचे आठवड्याला ६० धरले तर २,८८० आणखी. एकूण १९,६८०. इथे १५,००० चा करार केला तर ३ वर्षांत १४,०४० किलोमीटर जादा होतात आणि प्रत्येकाचा दंड लागतो. गावाकडे साध्या किराण्यालाही अंतर पडतं, ते लोक हमखास विसरतात.

"ऑफ-रोड वापरास मनाई" हे कलम सहसा असतं. कच्चा सार्वजनिक रस्ता त्यात मोडतो का, याचं उत्तर ईमेलवर मागा. ट्रेलर ओढायची किंवा इंजिनाखाली गार्ड बसवायची परवानगीही आधीच घ्या. सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करायची अट असेल तर ते ठिकाण किती लांब आहे आणि गाडी घरून नेतात का, ते विचारा, कारण चुकलेली सर्व्हिसही परतीच्या वेळी अंगावर येते. ब्रेकडाउनची गाडी डांबरी रस्ता सोडून आत येते का, हेही त्याच ईमेलमध्ये.

गाडी ताब्यात घेताना चारही रिम, काच, बंपरची खालची कड आणि गाडीचं पोट यांचे तारखेसह फोटो काढा. नंतर चिखल वाळू न देता खालून धूत जा. रिमच्या आत वाळलेल्या चिखलाने चाकाचा तोल जातो आणि स्टिअरिंग थरथरतं. अलाइनमेंट बिघडलं समजून लोक उगाच खर्च करतात. काचेवर खडीचा ठिपका पडला तर तो तडकण्याआधी भरून घ्या. करार संपायच्या महिनाभर आधी कंपनीची झिजेची नियमावली हातात घेऊन गाडी उजेडात तपासली, तर कोणते पोचे आधी काढून घेणं स्वस्त पडेल ते कळतं.