रीफ टँकमधलं शेवाळ : या चुका टाळा

नवा रीफ टँक (पोवळी ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक) सुरू झाला की काही आठवड्यांतच वाळूवर तपकिरी थर चढतो आणि फोन येतो, "कुठलं औषध टाकू?" कुठलंच टाकू नका. तो थर डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा असतो. नव्या वाळूतून आणि पाण्यातून येणाऱ्या सिलिकावर तो वाढतो आणि ती संपली की बहुतेक वेळा स्वतःहून ओसरतो. त्यानंतर हिरवं येतं, कधी लालही येतं. कोरड्या पांढऱ्या खडकावर सुरू केलेल्या टँकमध्ये पहिले काही महिने असेच जातात, कारण खडकावर जिवाणू आणि जांभळी कोरलाइन (खडकावर चढणारं कठीण शेवाळ) यांनी अजून जागा धरलेली नसते. ज्यांना तेवढा धीर नाही, त्यांनी या छंदात पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. यात जीव जातात.

घरचं आरओ पाणी चांगलंच असतं, हा समज

आपल्याकडची निम्मी शेवाळं इथून सुरू होतात. स्वयंपाकघरातला प्युरिफायर पिण्यासाठी बनवलेला असतो. मेम्ब्रेनने (पाणी गाळणाऱ्या पडद्याने) काढलेले क्षार चवीसाठी थोडे परत यावेत म्हणून त्यात बहुतेकदा टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, म्हणजे थोडं कच्चं पाणी पुन्हा मिसळलं जातं. काहींमध्ये वर मिनरल कार्ट्रिजही असतं. माणसाला ते उत्तम, रीफला नाही. टीडीएस मीटर बुडवून पाहा, ५० ते १०० सहज दिसेल. आपल्याला शून्य हवं असतं, आणि त्यासाठी मेम्ब्रेननंतर डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा टप्पा लागतो.

"एवढ्याशाने काय होतं?" असं विचारणाऱ्यांसाठी हिशेब मांडतो. समजा टँक २०० लिटरचा आहे आणि रोज दोन लिटर पाणी उडतं. उडतं ते निव्वळ पाणी, बाकी सगळं टँकमध्येच राहतं. महिन्याला ६० लिटर टॉप-ऑफ (उडालेल्या पाण्याची भर) झाला आणि त्या पाण्यात १० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) नायट्रेट, म्हणजे शेवाळाचं खत, असेल, तर ६०० मिलिग्रॅम नायट्रेट तुम्ही स्वतःच्या हाताने ओतलंत. म्हणजे टँकमध्ये महिन्याला ३ पीपीएमची भर, तीही माशांना एक दाणा न टाकता. टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी असेल तर आकडा आणखी वर जाऊ शकतो.

रेझिन संपत आली की सिलिका लवकर सुटायला लागते आणि टीडीएस मीटरला ती नीट दिसत नाही. त्यामुळे मीटर शून्यावरून एकवर गेला की मी रेझिन बदलतो. दहाची वाट पाहत नाही.

समुद्रावरून पाणी आणण्याचा विचारही नको. मुंबईच्या किनाऱ्यालगत सांडपाणी येतं आणि पावसाळ्यात खारटपणा खाली जातो. चांगलं मीठ घ्या, ३५ पीपीटीला (हजारात ३५ भाग) मिसळा, रिफ्रॅक्टोमीटरने (खारटपणा मोजणाऱ्या यंत्राने) तपासा. आणि कोकण किनाऱ्यावरून पोवळ्याचा तुकडा उचलून आणणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, 'लाईव्ह रॉक' (जिवंत खडक) म्हणून आणलात तरी.

शून्याचा हट्ट

ही चूक मला सगळ्यांत जास्त छळते, कारण ती मेहनती माणसं करतात.

ठाण्याच्या एका तरुणाचा टँक. दोन क्लाउनफिश, थोड्या झोआ, मशरूम (दोन्ही पोवळ्यांसारखे जीव), काचेवर टर्बो गोगलगायी. खडकावर हेअर अल्गी (केसांसारखं हिरवं शेवाळ) आली. दुकानदाराने फॉस्फेट ओढणारं जीएफओ दिलं. याने सांगितल्यापेक्षा कितीतरी जास्त टाकलं, माशांचं खाणं जवळजवळ बंद केलं आणि आठवड्यातून दोनदा वॉटर चेंज सुरू केले. हिरवे केस फिके पडले, गळाले. "दादा, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य!" असा आनंदाचा मेसेज आला. मी तेव्हाच सांगितलं की जीएफओ काढ. त्याने काढलं नाही.

थोड्याच दिवसांत वाळूवर तपकिरी, शेंबडासारखे धागे आले, टोकाला बुडबुडे. सकाळी वाळू स्वच्छ, संध्याकाळी पुन्हा भरलेली. तो ओढून काढायचा, पाणी बदलायचा आणि थर आणखी जाड व्हायचा. मग टर्बो काचेवरून गळून पडू लागल्या.

ते शेवाळ नव्हतं, डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो) नावाचे एकपेशीय जीव होते. मायक्रोस्कोपखाली थेंबासारख्या पेशी एका टोकाभोवती गोल फिरताना दिसल्या. हे ऑस्ट्रिऑप्सिस, विषारी, आणि गोगलगायी ते खाऊनच मरत होत्या. पाण्यातलं अन्न शून्यावर आलं की त्यांच्याशी स्पर्धा करणारं शेवाळ आणि जिवाणू उपाशी मरतात आणि यांना मैदान मोकळं मिळतं. त्याने प्रत्येक वॉटर चेंजने ते मैदान आणखी साफ केलं होतं.

आम्ही सगळं उलटं केलं. जीएफओ बाहेर, वॉटर चेंज बंद, माशांना पोटभर खाणं, वरून नायट्रेट आणि फॉस्फेटचे डोस. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगतात, म्हणून पाण्यावर अतिनील किरण सोडणारा यूव्ही दिवा लावला. धागे ओढायचे ते बारीक फिल्टर सॉकमधून (कापडी गाळणीतून), पाणी परत टँकमध्येच. काही आठवड्यांनी काचेवर हिरवी झाक आली तेव्हा मी त्याला म्हटलं, आता ही पुसू नकोस, हीच हवी होती. झोआ उघडल्या. टर्बो मात्र एकही वाचली नव्हती.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगतो : नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम यांच्या आसपास ठेवा आणि खाली आणायचं असेल तर हळूहळू आणा. खडक शेवाळाने भरलेला असताना टेस्ट शून्य दाखवत असेल, तर तो आकडा खरा मानू नका. शेवाळाने ते आधीच खाल्लेलं असतं.

न ओळखता औषध

लाल-जांभळी चादर, जी पापुद्र्यासारखी सुटते, ती सायनो (सायनोबॅक्टेरिया). ते जिवाणू आहेत. पिसासारखं टोकदार हिरवं दिसतं ते ब्रायॉप्सिस. त्यावर फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध चालतं, म्हणून लोक केमिस्टकडून गोळ्या आणून सायनोवर टाकतात आणि काहीच होत नाही. शंका असेल तर थोडा चिकट भाग बाटलीत घेऊन जोरात हलवा, टिश्यूमधून गाळा, तासभर उजेडात ठेवा. पाण्यात पुन्हा धागे जुळले तर बहुधा डायनो. मायक्रोस्कोप मिळाला तर उत्तमच. सायनोची पावडर टाकणाऱ्यांनी निदान एअर स्टोन चालू ठेवावा, ऑक्सिजन झपकन पडतो. मी स्वतः ती वापरत नाही, आधी पॉवरहेडची (पाणी फिरवणाऱ्या पंपाची) दिशा बदलतो.

खडक उकळणं

कधीही नाही. झोआ आणि त्यांच्यासारखेच पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं, आणि उकळताना ते वाफेबरोबर घरभर पसरतं. अशाने अख्खी कुटुंबं रुग्णालयात गेल्याच्या नोंदी आहेत. शेवाळ काढायला खडक बाहेर काढून ब्रशने घासायचा, तोही टँकच्याच पाण्याच्या बादलीत, हातमोजे आणि चष्मा घालून.

बाकीच्या

फ्रोझन खाणं वितळवून, गाळून, धुऊन द्या. तो क्यूब थेट टाकू नका.

लाईट आठ तास पुरे. पाहुणे आले म्हणून रात्री बारापर्यंत पांढरा लाईट चालू ठेवायचा नाही.

बबल अल्गी (हिरव्या बुडबुड्यांसारखं शेवाळ) फोडू नका. तळाशी पकडून अख्खी उचला.

फिल्टर सॉक तीन-चार दिवसांत धुवा, नाहीतर अडकलेला कचरा तिथेच कुजतो.

हेअर अल्गी लांब झाली की गोगलगायी तिला तोंड लावत नाहीत. आधी हाताने उपटा, मग त्यांना सोडा. एकदम पन्नास नकोत, शेवाळ संपल्यावर त्या उपाशी मरतात आणि त्यांचं कुजणं पुढच्या शेवाळाला अन्न होतं. २०० लिटरला पाच-सहापासून सुरुवात करा, त्यात ट्रोकस जातीच्या घ्या. ॲस्ट्रिया जातीची गोगलगाय वाळूवर उलटी पडली तर तिला सहसा सरळ होता येत नाही, म्हणून ती ठेवलीच असेल तर रोज एकदा टँकच्या तळाशी नजर टाकून तिला सरळ करा.