डच गोठ्यावर कामाला येताना: ऑक्सफर्ड काउंटीतील नवीन मराठी मंडळींसाठी

कॅनडातील ओंटारियो प्रांताच्या नैर्ऋत्य भागात, वुडस्टॉक, इंगरसोल आणि नॉरिच यांच्या आसपास, दुधाचा धंदा मोठ्या प्रमाणावर डच कुटुंबांच्या हातात आहे. गेल्या काही वर्षांत या गोठ्यांवर मराठी मुले येऊ लागली आहेत. बहुतेक जण कोल्हापूर-सांगलीकडची, घरी म्हशी असलेली आणि दुग्धशास्त्राची पदविका घेतलेली असतात. गाय कळते म्हणजे काम कळले, अशी त्यांची समजूत असते. गाय इथेही गायच आहे; कासदाह ओळखायला, मुरघासाचा वास पारखायला कोणाला फार दिवस लागत नाहीत. अडचण येते ती घरात. माझे यजमान एका डच गोठ्यावर कळपप्रमुख आहेत आणि मी याच भागात घरोघरी जाऊन ज्येष्ठांची शुश्रूषा करते, त्यामुळे ही घरे मागच्या दाराने पाहण्याची संधी मला मिळाली आहे. (पुढच्या दाराने इथे फक्त अनोळखी माणसे येतात, हेही लक्षात ठेवा.)

प्रथम हे घर कुठून आले ते जाणून घ्या. महायुद्धाने होरपळलेल्या नेदरलँडमध्ये जमीन थोडी आणि मुले फार, अशी स्थिती असताना जून १९४७ मध्ये ‘वॉटरमन’ नावाचे जहाज शेतकरी कुटुंबांना घेऊन माँट्रियलला लागले आणि पुढच्या दोन दशकांत दीड लाखाहून अधिक डच लोक कॅनडात आले. देशाबाहेर पैसे नेण्यावर मर्यादा होती, म्हणून त्यांनी मोठ्या लाकडी पेटाऱ्यांत पलंग, कपाटे आणि चिनी मातीची भांडी भरून आणली, आणि सुरुवातीची मुदत एखाद्या कॅनेडियन शेतकऱ्याच्या पदरी मजुरी करून काढली. त्या वेळी आईचा हात धरून उतरलेली पोरे आज ऐंशीच्या घरात आहेत. दुसरी लाट नंतरची आहे. युरोपात १९८४ मध्ये दुधावर कोटा, म्हणजे उत्पादनाची मर्यादा, आल्यानंतर अनेकांनी तिथला गोठा विकला आणि इथे अधिक जमीन घेतली. पहिल्या लाटेतली माणसे गरिबीतून आलेली, देवभीरू आणि खर्चाला हात आखडणारी. दुसऱ्या लाटेतली भांडवल आणि इंग्रजी दोन्ही घेऊन आलेली. आपण कोणत्या घरात राहतो हे कळल्याशिवाय ‘डच लोक असे असतात’ म्हणून घरी फोनवर सांगू नका.

फाटकी डांगरी घातलेला मालक गरीब नसतो आणि श्रीमंतही नसतो, कारण त्याचा पैसा कोट्यात अडकलेला असतो. इथे दूध विकण्याचा हक्क रोजच्या दुधातील स्निग्धांशाच्या किलोवर मोजला जातो आणि ओंटारियोत एका किलोच्या कोट्याची कमाल किंमत २४,००० डॉलर आहे. एका गाईमागे साधारण एक किलोहून थोडा अधिक कोटा लागतो, म्हणजे शंभर गाईंच्या गोठ्यात नुसता कोटाच २४ लाख डॉलरच्या वर जातो. जमीन, यंत्रे आणि जनावरे वेगळी. मुलाने हे सारे आईवडिलांकडून विकत घ्यायचे असते, आणि अनेक घरांत म्हाताऱ्यांचा उदरनिर्वाह त्याच्या हप्त्यांवर चालतो. म्हणून ब्याऐंशी वर्षांचे ओपा (आजोबा) पहाटे काठी टेकत येऊन दुधाच्या टाकीवरचा आकडा वाचतात. नवीन मुलांना वाटते की म्हातारा आपल्यावर पाळत ठेवतो. तो स्वतःचे पेन्शन पाहायला येतो. त्याला आकडा आपणहून सांगा. पुढच्या आठवड्यापासून तो तुम्हाला सड पुसायची त्याची पद्धत शिकवू लागेल आणि ती ऐकून घेण्यात तुमचे काही जाणार नाही.

थंडीचे कपडे चांगले घ्या. याबद्दल सगळेच सांगतात, मी वाढवत नाही.

जेवणाबाबत मात्र थोडे अधिक लिहावे लागेल. जुन्या घरांत गरम जेवण दुपारी बारा वाजता असते, दहा वाजता कॉफी असते आणि तिच्याबरोबर एक बिस्किट असते; डबा एकदा फिरतो, मग झाकण लागते. याला कंजूषपणा समजून मनात धरू नका. जेवणाआधी प्रार्थना होते, जेवणानंतर बायबलमधील उतारा वाचला जातो आणि पुन्हा प्रार्थना होते. तोपर्यंत चमचा हलवू नये आणि खुर्ची सरकवू नये. शाकाहारी असाल तर पहिल्या दिवशीच, स्पष्ट शब्दांत सांगा. बटाटा आणि केलची भाजी एकत्र घोटून करतात तो पदार्थ आपल्याला चालण्यासारखा असतो, पण त्यावर सॉसेज ठेवलेले असते, आणि वाटाण्याच्या दाट सूपमध्ये डुकराचे मांस असतेच. ‘चालेल, चालेल’ म्हणत ताटात वाढून घ्यायचे आणि मग न खाता उठायचे, याइतका अपमान त्या घरात दुसरा नाही. आपल्या लोकांना ‘नाही’ म्हणता येत नाही आणि त्यांना ‘बघू’ समजत नाही. संध्याकाळी वासरे बघाल का, या प्रश्नाला ‘बघतो’ असे उत्तर दिलेत तर त्यांच्या हिशेबी तुम्ही शब्द दिलेला असतो.

रविवार हा रविवारच असतो. धार काढणे, वैरण घालणे, विणारी गाय सोडवणे ही अटळ कामे मानली जातात. ट्रॅक्टर शेतात जात नाही, मग सोमवारी पावसाचा अंदाज असला आणि गवत कापून पडलेले असले तरीही. सकाळी एक आणि दुपारी एक अशा दोन उपासना असतात. गोठ्यावरच्या घरात राहत असाल तर तुम्हीही त्या दिवशी अंगणातले गवत कापू नका आणि गाडी धुऊ नका. तुमच्यावर नियम नाही, पण शेजारी मालकालाच विचारतात. एकट्या नॉरिचच्या परिसरात डच मुळाची अनेक चर्चेस का आहेत, हे विचारू नका. त्या प्रश्नावर सख्ख्या भावांनी बोलणे टाकले आहे. यांच्या ख्रिश्चन शाळांना ओंटारियो सरकार अनुदान देत नाही आणि चार-पाच मुलांची फी घरातून भरावी लागते, हे माहीत असले की घरातील काटकसरही समजते.

आता सर्वांत महत्त्वाचे. तुमच्या वर्क परमिटवर मालकाचे नाव आणि कामाचे स्वरूप लिहिलेले असेल तर तेच काम करा. या घरांत म्हातारी माणसे त्याच अंगणात, पलीकडच्या लहान घरात असतात, आणि सूनबाई एक दिवस अगदी निर्मळ मनाने म्हणते की तुमची मिसेस घरीच असते, तर तासभर ओमांकडे (आजींकडे) बसेल का, भाड्यात काही कमी करू. आपल्याला यात संस्कार दिसतात, म्हाताऱ्यांची सेवा दिसते. कायद्याला त्यात विनापरवाना काम दिसू शकते. ज्या कामाला एरवी माणूस पगारावर ठेवावा लागला असता, ते फुकट किंवा भाड्याच्या सवलतीत केले तरी ते काम धरले जाऊ शकते. माझ्या ओळखीतील एका जोडप्यातील पत्नीने व्हिजिटर म्हणून असताना हिवाळाभर असे केले. मुदतवाढीच्या अर्जात दोघांनी ते भोळेपणाने लिहिले, अर्ज नामंजूर झाला आणि त्या डच कुटुंबालाही चौकशीला तोंड द्यावे लागले. कोणाचाच हेतू वाईट नव्हता. तरीही नवीन येणारे प्रत्येक जोडपे याच वळणावर येते आणि मी प्रत्येकाला तेच सांगते: परमिट नसेल तर तासभरही नाही, अर्धा तासही नाही. फुले घेऊन भेटायला जा, औषधांच्या वेळा सांभाळायला जाऊ नका.

याला जोडूनच नेमणूकपत्रावरील पदनाम आणि व्यवसायाचा संकेतांक तपासा. गोठ्यावरील साधी मजुरी आणि घरगुती शुश्रूषा ही दोन्ही कामे कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लासच्या (इथल्या कामाच्या अनुभवावर कायम रहिवासी होण्याच्या मार्गाच्या) अनुभवात मोजली जात नाहीत. पर्यवेक्षकाच्या दर्जाचे काम मोजले जाते. मिसिसागाच्या हळदीकुंकवात कोणी तरी ‘कॅनडात वर्षभर काढले की झाले’ असे सांगते, त्यावर विसंबू नका. शेतमजुरांना ओव्हरटाइमचा नियम लागू नाही, तरी तासांची नोंद स्वतःच्या वहीत ठेवा.

ज्यांना शुश्रूषेचेच काम करायचे आहे आणि परमिटही तसा आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी. स्मृतिभ्रंश झालेल्या अनेक वृद्धांची नंतर शिकलेली इंग्रजी आधी जाते आणि फ्रीजियन (नेदरलँडच्या उत्तरेकडची भाषा) किंवा खेड्यातली डच बोली उरते. कधी कधी त्यांच्या मुलांनाही ती नीट कळत नाही. अशा वेळी आवाज चढवून इंग्रजी बोलण्यात अर्थ नसतो. एका वेळी एकच गोष्ट सुचवा, कोट हातात घेऊन दाखवा, कप समोर धरा. कोणाला जुने स्तोत्र ओठांवर येते. तेव्हा औषध बाजूला ठेवून थांबा. नेदरलँडच्या पेन्शन कार्यालयाकडून दरवर्षी हयातीच्या दाखल्याचा कागद येतो, विशेषतः दुसऱ्या लाटेतील मंडळींना. तो डच भाषेत आहे म्हणून जाहिरातींबरोबर टाकून देऊ नका. ऐंशीनंतर ओंटारियोत दर दोन वर्षांनी वाहन परवाना नवा करावा लागतो, त्यात दृष्टीची चाचणी आणि छोटी लेखी तपासणी असते. परवाना गेला तरी अंगणातला ट्रॅक्टर राहतोच, आणि त्याची किल्ली हा घरातला सर्वांत नाजूक विषय असतो. किल्ली तुम्ही लपवू नका. मुलाला सांगा आणि बाजूला व्हा. शेणाची टाकी ढवळायच्या दिवशी मात्र संकोच ठेवू नका: ढवळताना निघणारा हायड्रोजन सल्फाइड काही क्षणांत माणूस मारतो, आणि जुन्या सवयीने ओपा त्याच वेळी गोठ्यात डोकावतात. त्या दिवशी त्यांना गाडीत घालून गावात कॉफीला न्या.

कोणत्याही मुखत्यारपत्रावर साक्षीदार म्हणून सही करू नका. कायद्याने बहुधा चालेल, पण पाच भावंडांपैकी एकाला शेत मिळते आणि चौघांना मिळत नाही, तेव्हा साक्षीदाराचे नाव पुढे कुठे निघेल सांगता येत नाही. ‘वकिलाच्या कार्यालयातच करा’ एवढे नम्रपणे म्हणा.

आपल्याकडची एक खोड इथे लिहिलीच पाहिजे. ‘हे लोक आईबापांना आश्रमात टाकतात’, असे आपण सहज बोलतो. ओंटारियोच्या २००५ च्या नियोजन धोरणानंतर उत्तम शेतजमिनीतून निवृत्तीसाठी वेगळा तुकडा पाडता येत नाही, त्यामुळे म्हाताऱ्यांचे घर शेताबरोबरच राहते आणि ते सोडून जाणे म्हणजे स्वतःच्या हाताने उभे केलेले सर्व सोडणे असते. ग्रिम्सबीचे शालोम मॅनर किंवा ब्रॅम्प्टनचे होलंड ख्रिश्चन होम्स यांसारख्या संस्था याच समाजाने उभ्या केल्या, कारण गुडघे बदललेली सून आणि रोज दोनदा धार काढणारा मुलगा रात्री उठून ओमांना उचलू शकत नव्हते. मिरजेत आईच्या खोलीत कॅमेरा लावून इथे बसलेल्या आपण त्यांना शहाणपण शिकवू नये.

स्वतःच्या आईवडिलांना बोलवायचे असेल तर सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते, पण सरकारी आरोग्य विमा मिळत नाही आणि किमान एक लाख डॉलरचा, वर्षभराचा खासगी विमा घ्यावा लागतो. आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत का, ते पॉलिसीतच वाचा, दलालाच्या तोंडून ऐकू नका. आणि त्यांना मे ते सप्टेंबरमध्ये बोलवा. गोठ्यावरच्या घरातून बस नसते, चालत जाण्याजोगे दुकान नसते, आणि जानेवारीत खिडकीबाहेर बघत बसलेले वडील तुमच्याशी भांडतील, तेव्हा त्यांची चूक नसेल. उन्हाळ्यात आलेत तर त्यांना पहिल्याच आठवड्यात पलीकडच्या घरी कॉफीला घेऊन जा. बोलणे होणार नाही, पण दोन्ही म्हातारे गाईंकडे बघत बसतात आणि कासेच्या मापावरून एकमेकांशी खुणांनी वाद घालतात, असे मी एकापेक्षा अधिक अंगणांत पाहिले आहे.