जुन्या कॉर्व्हेटमध्ये ओव्हरड्राइव्ह ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवताना

शेवरोलेने १९६८ साली तिसऱ्या पिढीची कॉर्व्हेट बाजारात आणली, तेव्हा तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तीनच गिअर होते आणि तिसरा गिअर एकास एक प्रमाणाचा होता. मागच्या डिफरन्शियलचे, म्हणजे चाकांना ताकद पोहोचवणाऱ्या गिअरसंचाचे, प्रमाण ३.७० आणि टायरचा व्यास २७ इंच असेल, तर ताशी ७० मैल, म्हणजे सुमारे ११३ किलोमीटर वेगाला इंजिन मिनिटाला ३,२२० फेरे मारते. याच गाडीत ०.६७ प्रमाणाचा चौथा, म्हणजेच ओव्हरड्राइव्ह, गिअर मिळाला, तर फेरे २,१६० पर्यंत उतरतात. गाडीतला गोंगाट आणि उष्णता कमी होते, पेट्रोल वाचते, आणि अमेरिकेतल्या लांबच्या महामार्गांवर दिवसभर गाडी चालवणे सुखाचे होते. कंपनीने स्वतः १९८२ च्या कॉर्व्हेटमध्ये चार गिअरचा ७००आर४ हा गिअरबॉक्स दिला होता. त्यामुळे जुन्या गाडीत हा बदल करणे म्हणजे तिच्या स्वभावाविरुद्ध जाणे आहे, असे मला वाटत नाही.

निवड प्रामुख्याने दोन गिअरबॉक्सांत करायची असते. ७००आर४ चे प्रमाण ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७० असे आहे, तर २००-४आर चे २.७४, १.५७, १.०० आणि ०.६७. पहिल्याचा पहिला गिअर जोरकस असला, तरी दुसऱ्यात जाताना इंजिनाचे फेरे जवळजवळ निम्म्यावर येतात. ३.७० च्या डिफरन्शियलबरोबर तो पहिला गिअर क्षणात संपतो. शिवाय ७००आर४ ची लांबी ३०.७५ इंच असल्याने डिफरन्शियलपर्यंत जाणारा प्रॉपेलर शाफ्ट कापून आखूड करावा लागतो आणि क्रॉसमेंबरची (गिअरबॉक्सला खालून आधार देणाऱ्या आडव्या पट्टीची) जागा बदलावी लागते. २००-४आर ची लांबी मात्र सुमारे २७.७ इंच, म्हणजे टीएच-३५० या जुन्या तीन गिअरच्या गिअरबॉक्सइतकीच आहे, आणि त्याच्या मागच्या माउंटची (आधाराची) जागा टीएच-४०० या तशाच दुसऱ्या जुन्या गिअरबॉक्सच्या माउंटच्या फार जवळ येते. १९६८ ते १९७५ च्या ऑटोमॅटिक कॉर्व्हेटमध्ये टीएच-४०० असल्यामुळे या गाड्यांसाठी मी निःसंकोचपणे २००-४आर सुचवतो. डिफरन्शियल ३.०८ चे असेल, तर मात्र चौथ्या गिअरमध्ये ताशी ७० मैलांना इंजिन जेमतेम १,८०० फेऱ्यांवर येते आणि चढावर दमते. अशा गाडीत आधी डिफरन्शियलचा विचार करावा.

मूळ स्वरूपातला २००-४आर हा साध्या कुटुंबाच्या गाड्यांसाठी बनवलेला, तुलनेने नाजूक गिअरबॉक्स आहे, हे मात्र मान्य करायला हवे. १९८६-८७ च्या ब्यूक ग्रँड नॅशनलमधला प्रकार त्यातल्या त्यात दणकट असतो. कुठलाही घेतला, तरी तो जाणकाराकडून उघडून, मजबूत भाग घालून बांधून घ्यावा. २००-४आर च्या खोक्यावर शेवरोलेच्या तसेच ब्यूक, ओल्ड्समोबाइल आणि पाँटिअॅकच्या इंजिनांना जुळणारी बोल्टची छिद्रे असतात. ७००आर४ घेणाऱ्यांनी मात्र तो व्ही-८ इंजिनासाठीचाच आहे ना, हे आधी पाहावे, कारण लहान व्ही-६ इंजिनांसाठीच्या प्रकाराची छिद्रे वेगळी असतात.

जुना गिअरबॉक्स उतरवण्याआधी त्याच्या शेपटीची उंची आणि शाफ्टचा कोन मोजून लिहून ठेवावा. या गाडीचे डिफरन्शियल फ्रेमलाच घट्ट बसवलेले असते. म्हणून नवा गिअरबॉक्स त्याच कोनात बसला नाही, तर शाफ्टची थरथर पुढे कायम राहते. बॅटरीची तार काढावी, गाडी भक्कम घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उभी करावी, ऑइल काढून टाकावे आणि एक्झॉस्ट, शाफ्ट, कूलरच्या नळ्या, शिफ्टरची केबल या क्रमाने सोडवत जावे. क्रॉसमेंबर निघाला की इंजिन मागे कलते आणि त्याच्या मागच्या बाजूचा डिस्ट्रिब्यूटर फायरवॉलवर आदळू शकतो, म्हणून इंजिनाच्या मागच्या भागाखाली आधार द्यावा. क्रॉसमेंबर बोल्टचा आहे की वेल्डिंगचा, हेही आधीच पाहून ठेवावे. काढलेला मूळ गिअरबॉक्स विकू नये. त्यावर गाडीच्या क्रमांकाचा छाप असतो आणि अशा गाडीची निम्मी किंमत तिच्या अस्सलपणात असते. त्याच कारणाने फ्रेम किंवा गिअरबॉक्सवरचा फायबरग्लासचा बोगदा कापण्याची वेळ येईल अशी रचना मी स्वीकारणार नाही.

टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग, बसवताना घाई करू नये. तो फिरवत आत ढकलला की टप्प्याटप्प्याने खाली बसतो आणि शेवटी पंपाच्या खाचांत अडकतो. गिअरबॉक्स इंजिनाला लावल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट (इंजिनाच्या क्रँकला बसणारी चकती) यांच्यात ३ ते ५ मिलिमीटर फट राहिली पाहिजे. फट राहत नसेल, तर बोल्ट आवळून ती बुजवणे म्हणजे पंप फोडणे होय. बेलहाउसिंग, म्हणजे गिअरबॉक्सचे पुढचे रुंद तोंड, हाताच्या जोरानेच ब्लॉकला पूर्ण टेकले पाहिजे. फ्लेक्सप्लेट इंजिनाच्या काळातलीच हवी. १९८६ पासूनच्या स्मॉल-ब्लॉक इंजिनांच्या क्रँकवरील बोल्टचे वर्तुळ आणि तोल वेगळा असतो, त्यामुळे नवी प्लेट जुन्या इंजिनाला चालत नाही. टीएच-४०० च्या योकला (शाफ्ट गिअरबॉक्सला जोडणाऱ्या तुकड्याला) ३२ स्प्लाइन, म्हणजे उभ्या खाचा, असतात, २००-४आर ला २७ लागतात, म्हणून योक नवा घ्यावा आणि शाफ्टची लांबी प्रत्यक्ष मोजूनच ठरवावी.

आता या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल. ही केबल फक्त गिअर खाली उतरवण्यासाठी असते, असा समज फार पसरलेला आहे आणि त्यानेच कित्येक नवे गिअरबॉक्स पहिल्या काही मैलांत जळतात. थ्रॉटल (पेडलने उघडणारी कार्ब्युरेटरची झडप) जितका उघडेल त्या प्रमाणात ऑइलचा दाब वाढवण्याचे काम ही केबल करते. दाब कमी पडला की क्लच घसरतात आणि घसरले की जळतात. म्हणून केबल कार्ब्युरेटरला जिथे जोडली जाते, तो बिंदू थ्रॉटलच्या दांड्याच्या केंद्रापासून साधारण १.१ इंचावर आणि योग्य कोनात असावा लागतो. होली किंवा एडेलब्रॉक कार्ब्युरेटरसाठी यासाठीची खास पट्टी मिळते, तीच वापरावी. आयडलिंगला केबलवर नावापुरता ताण असावा आणि थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर ती शेवटपर्यंत ओढली जावी. जुळवणी हातांनी नव्हे, तर गाडीत बसलेल्या माणसाने पेडल पूर्ण दाबून तपासावी.

लॉकअप कन्व्हर्टरला (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडू शकणाऱ्या कन्व्हर्टरला) इग्निशनमधून फ्यूज लावून वीज द्यावी आणि ती ब्रेकच्या स्विचमधून न्यावी. इथे ब्रेक दाबताच जोडणी तोडणारा स्विच लागतो. ब्रेकच्या दिव्याचा नेहमीचा स्विच नेमका उलट चालतो. गिअरबॉक्समधल्या चौथ्या गिअरच्या दाब-स्विचमुळे लॉकअप योग्य वेळीच लागतो. टीएच-४०० च्या मॉड्युलेटरकडे (दाब ठरवणाऱ्या भागाकडे) जाणारी व्हॅक्यूमची नळी इंजिनाकडेच बंद करावी आणि त्याच्या किकडाउनची (गिअर खाली उतरवण्याची) तार नीट गुंडाळून ठेवावी. शिफ्टरचा प्रत्येक टप्पा गिअरबॉक्समधल्या खाचेशी तंतोतंत जुळायला हवा. गाडी फक्त पार्क आणि न्यूट्रलमध्येच सुरू होते का, हेही तपासावे. स्पीडोमीटरचे दाते डिफरन्शियल आणि टायरप्रमाणे बदलावे लागतात. रेडिएटरखेरीज एक स्वतंत्र ऑइल कूलर अवश्य लावावा.

कोरड्या गिअरबॉक्सला कन्व्हर्टरसकट एकूण दहा-अकरा लिटर डेक्सरॉन ऑइल लागते. इंजिन सुरू करण्याआधी सुमारे पाच लिटर भरावे, सुरू होताच आणखी ओतत जावे, ब्रेक दाबून सर्व गिअर एकेकदा लावावेत आणि ऑइल गरम झाल्यावर पार्कमध्ये आयडलिंगला डिपस्टिक पाहावी. त्यानंतर दाबाचा मीटर जोडून टीव्ही केबल हाताने हळूहळू ओढावी. ओढू तसा काटा वर चढला, तरच गाडी रस्त्यावर न्यावी. चढला नाही, तर ती घोड्यांवरून उतरवू नये. पहिल्या दीडशे किलोमीटरनंतर क्रॉसमेंबरचे बोल्ट, कूलरच्या नळ्यांचे सांधे आणि केबलचा ताण पुन्हा एकदा तपासावा.