फ्रीजरमधला बर्फ खरवडण्याआधी तो कुठे साचलाय ते बघा

फ्रीजरमध्ये बर्फाचा थर धरला आणि मटारचं पाकीट भिंतीला चिकटून बसलं, की हात आपोआप सुरीकडे जातो. आमच्या घरी एका पावसाळ्यात हेच झालं. पाहुणे यायचे होते आणि सुरमईचे तुकडे बर्फात रुतले होते. मी उलथन्याच्या टोकाने उचकटायला गेलो आणि भिंतीतून सुस्स असा बारीक आवाज आला. चांगला चालता फ्रीज त्या दिवशी गेला.

सिंगल डोअर फ्रीजमध्ये फ्रीजरची ॲल्युमिनियमची भिंत हीच थंडावा देणारी कॉइल असते. पातळ पत्र्यातल्या वाटांमधून गॅस फिरत असतो. तिथे टोक लागलं की गॅस गेलाच, आणि ॲल्युमिनियमला जोड लावून तो टिकवणं कठीण. शिवाय हल्लीच्या बहुतेक फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो पेट घेणारा वायू आहे. कोणता गॅस आहे ते कॉम्प्रेसरवरच्या किंवा फ्रीजच्या आतल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. चुकून भोक पडलंच तर शेगडी बंद करा, खिडक्या उघडा आणि फ्रीजजवळची बटणं चालू-बंद करत बसू नका.

बर्फ लवकर वितळावा म्हणून काही जण मीठ टाकतात. तेही नको, मीठ ॲल्युमिनियम खातं. फ्रीज बंद करा, सामान काढून जाड चादरीत गुंडाळा, फ्रीजरमध्ये जाड टॉवेलावर गरम पाण्याचं पातेलं ठेवा आणि दार उघडं सोडा. दर दहा-पंधरा मिनिटांनी पाणी बदललं की थराच्या लाद्या हाताने सुटतात. थर पाच-सहा मिलिमीटरचा झाला की हे करून टाकावं. बर्फ थंडावा अडवतो, मग कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि बिल वाढतं. सिंगल डोअरला थर्मोस्टॅटच्या बटणाच्या मध्यभागी डीफ्रॉस्टचं छोटं बटण असेल तर तेच दाबा, पण आधी फ्रीजरखालचा ट्रे रिकामा करा. त्या ट्रेमध्ये आपण दुधाच्या पिशव्या ठेवतो, आणि मग पाणी भाजीवर सांडलं की फ्रीज गळतोय म्हणतो.

डबल डोअरचं पाणी भाजीच्या कप्प्यात का येतं?

डबल डोअर फ्रीज बहुधा फ्रॉस्ट फ्री, म्हणजे आपला बर्फ आपणच वितळवणारे असतात. त्यांनाही बर्फ धरतो, फक्त तो दिसत नाही. कॉइल फ्रीजरच्या मागच्या प्लॅस्टिक पॅनेलआड असते. ठरावीक तासांनी हीटर चालू होऊन तिथलं हिमाचं आवरण वितळवतो. ते पाणी खालच्या पन्हळीत, तिथून नळीवाटे मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जातं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने वाळतं. नळीच्या तोंडाशी कोथिंबिरीची काडी, भाताचं शीत किंवा बर्फाचा खडा अडकला की पाण्याला वाट उरत नाही. मग फ्रीजरच्या तळाला काचेसारखी लादी धरते आणि जास्तीचं पाणी खालच्या कप्प्यात झिरपतं. लोक रोज पुसत राहतात, महिनोन् महिने.

यावर उपाय साधा आहे. प्लग काढून बर्फ पूर्ण वितळू द्या, मग सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजने भोकात कोमट पाणी सोडा. मागच्या ट्रेमध्ये पाणी पडल्याचा आवाज आला की वाट मोकळी झाली. तार खुपसू नका, नळी फाटते. भोक सापडत नसेल आणि पॅनेल उघडायची वेळ आली, तर ते काम मेकॅनिकला करू द्या.

पाणी थेट जमिनीवर येत असेल तर मागचा ट्रे तडकला आहे किंवा जागचा हलला आहे का ते आधी बघा.

तळाला लादी नाही, पण दाराच्या कडेने भुरभुरीत पांढरं हिम दिसतंय? मग बाहेरची दमट हवा आत शिरते आहे. कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर हे हमखास होतं. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर तिथलं रबर ढिलं आहे. चारही बाजूंना हे करून बघा. बहुतेक वेळा रबराच्या घडीत तूप, साखर किंवा बुरशी असते. साबणाच्या कोमट पाण्याने पुसून कोरडं केलं की रबर पुन्हा धरतं. गरम आमटी तशीच आत ठेवणं आणि मोठ्या डब्यामुळे दार अर्धवट राहणं याचाही परिणाम तोच.

गॅस भरण्याआधी

फ्रीजर थोडाफार थंड, खालचं दूध मात्र नासतंय आणि मागच्या पॅनेलवर हिम फुटून आलंय, अशा वेळी फ्रीज दार उघडं ठेवून पूर्ण २४ तास बंद ठेवा. चालू केल्यावर आठवडाभर उत्तम चालला आणि पुन्हा तेच झालं, तर दोष बहुधा डीफ्रॉस्टच्या यंत्रणेत आहे: हीटर, बायमेटल (हीटर वेळेवर बंद करणारा तापमानाचा स्विच), टायमर किंवा कार्ड (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड). अशा वेळी ‘गॅस कमी झालाय, भरावा लागेल’ असं ऐकून पैसे देणं ही मला सगळ्यात महागाची चूक वाटते. गॅस कमी असला की कॉइलच्या एका भागावरच हिम धरतं, बाकी कॉइल कोरडी राहते. पॅनेल उघडल्यावर तिथे उभे राहा आणि स्वतः बघा. पूर्ण कॉइल बर्फाने सारखी भरलेली असेल, तर आधी हीटर तपासायला सांगा.